आधी वाड्यातली माणसं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

वाईच्या पेठेसाठी तू केलेला आराखडा सावकाश वाचला. दुकानांना एकसारख्या पाट्या, घाटावर नक्षीचे दिवे, एका वाड्यात कॅफे, सुट्टीच्या दिवशी हेरिटेज वॉक. चित्रं सुरेख आहेत. पण त्यांत वाड्यात राहणारं कुणीच दिसत नाही, आणि मला जे सांगायचंय ते नेमकं तेच.

वाडा पडतो कसा, ते आधी बघ. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे घराच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, आजोबांच्या नावाखाली वारसांची रांग लागलेली असते. एक पुण्यात, एक ठाण्यात, एक परदेशात. दुरुस्तीला सह्या सगळ्यांच्या लागतात, पैसे मात्र तिथे राहणाऱ्यानेच घालायचे. खालच्या गाळ्यात जुना भाडेकरू. १९४७च्या कायद्याने भाडी गोठली. १९९९चा कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला, त्यातही वाढ वर्षाला चार टक्के. मुळात भाडंच नाममात्र, तर त्यावर चार टक्के म्हणजे किती? मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि दुसऱ्याच्या छपरावर भाडेकरू का खर्च करील? दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तेवढ्यात पाणी मुरत राहतं.

म्हणून आधी या मालकीच्या नोंदी बघायला सिटी सर्व्हेच्या ऑफिसात जा. एकच आळी घे. मालक कोण, राहतं कोण, विकायचंय कुणाला, राहायचंय कुणाला, हे घरोघर बसून विचार. बायकांशी वेगळं बोल. संडास मागच्या परसात, जिना अंधारा आणि उभा, माडीवर पाणी चढत नाही. अशा घरात नवी सून नांदायला तयार होत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. माडीवर नीट न्हाणीघर करून दिलंस तर घाटावरच्या शंभर दिव्यांपेक्षा जास्त वाडे वाचतील, असं मी अगदी मनापासून सांगतो.

दुरुस्ती करताना सिमेंटपासून जप. जुन्या भिंती दगड, विटा, माती आणि चुन्याच्या. त्या ओल घेतात आणि बाहेर टाकतात. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. सगळ्यात आधी कुजतात ती कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या छताची, भिंतीत रोवलेली टोकं. बाहेरून भिंत नवी कोरी दिसते आणि एक दिवस तुळई खचते. गिलाव्यावर बोट दाबून बघायची सवय लाव. पोकळ आवाज आला तर तिथेच थांब आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोध.

घाटाचंही तसंच. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२मध्ये रास्त्यांनी बांधलं. त्याची नदीकडची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेचा पूर तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. बांधणाऱ्यांनी नदी ओळखली होती. तिथे पुरात टिकणार नाही असं काही लावू नकोस.

आणि लोकसहभागासाठी नवी समिती काढू नकोस. वाईत ती आहेच. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळच्या नवसाशी नातं सांगणारा कृष्णाबाईचा उत्सव सातही घाट आपापल्या पाळीने करतात. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, प्रत्येकाचा मांडव वेगळा, वर्गणी वेगळी, कीर्तन, महाप्रसाद सगळं स्वतःचं. कुणाचा शब्द कुठे चालतो, कोणत्या भावांचं पटत नाही, परगावी गेलेला कोण उत्सवाला हटकून येतो, हे त्या मंडळींना तोंडपाठ असतं. वारसांच्या सह्या मिळायच्या तर उत्सवातच मिळतील, वकिलाच्या नोटिशीने नाही. नगरपरिषदेत जाशील तेव्हाही त्यांनाच पुढे कर.

भाजीवाल्या बायकांना ‘सुशोभीकरणा’साठी हलवायची सूचना कुणीतरी करीलच. तिथे ठाम राहा. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण आहे. शिवाय कोथिंबीर घ्यायला आलेलं माणूसच पुढे वाण्याकडे, शिंप्याकडे जातं. पाचगणी-महाबळेश्वरला निघालेला पर्यटक तासाभरासाठी उतरतो. पेठ चालते ती रोजच्या गिऱ्हाइकावर.

वॉक वाईट नाही. अहमदाबादेत तो १९९७मध्ये सुरू झाला, पोळांकडे, म्हणजे तिथल्या जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांकडे, बघायची नजर बदलली आणि २०१७मध्ये शहराला जागतिक वारशाचा मान मिळाला. तरी पोळांतून कुटुंबं बाहेर पडायची थांबली नाहीत. म्हणून वॉक नंतर.

आत्ता हातात घ्यायचं काम लहान आहे. मधल्या आळीतली कौलारू घरं मोज. पावसाळ्याआधी त्या सगळ्यांची कौलं एकाच गवंड्याकडून, एकाच वेळी चाळून घेता येतील का ते विचार. मजुरी वाटली जाईल, फुटकी कौलं एकमेकांच्या साठ्यातून भरता येतील. नळीची कौलं किती आणि मंगलोरी किती, ते वेगळं लिही, आणि तो कागद मला पाठव. खर्चाचा अंदाज आपण दोघं मिळून काढू.

तुझा,
काका