दमा आणि ‘प्रतिकारशक्तीच्या’ कॅप्सूल

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे, लहानपणापासून दमा आहे. क्वेर्सेटिन आणि सोयाच्या कॅप्सूलनी प्रतिकारशक्ती वाढते म्हणून बहिणीने आणून दिल्यात. घेऊ का? मग इनहेलर कमी करता येईल?

उत्तर : ताई, इनहेलर कमी करू नका, हे आधी सांगते. दम्यात प्रतिकारशक्ती कमी पडते असं नाही. ती नको तिथे भडकते. परागकणासारख्या निरुपद्रवी गोष्टीवरही श्वासनलिकेतल्या पेशी तुटून पडतात, सूज येते, नळी आवळते. म्हणजे ती वाढवायची नाही, शांत करायची.

कांदा-सफरचंदातलं क्वेर्सेटिन प्रयोगशाळेत मास्ट पेशींमधून (अ‍ॅलर्जीत भडकणाऱ्या पेशी) हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन सुटणं कमी करतं, हे खरं. पण काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे तुमची छाती नव्हे. सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होन या घटकाचंच बघा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३८६ रुग्णांनी २४ आठवडे सोयाच्या किंवा औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशा गोळ्या घेतल्या. फुप्फुसांच्या कामात काहीच फरक पडला नाही.

ताटातल्या भाज्या-फळांबद्दल मात्र मला खरी आशा वाटते. २०१२ च्या एका अभ्यासात भाज्या-फळं कमी केलेल्या दमेकऱ्यांची जोरात फुंकल्यावर बाहेर पडणारी हवा १४ दिवसांतच कमी भरली, पुढे दमाही लवकर उसळला. त्याच अभ्यासात टोमॅटोच्या अर्काच्या कॅप्सूलने वेगळा फायदा झाला नाही.

माझ्या एक रुग्ण अशाच कॅप्सूलवर विसंबून इनहेलर सोडून बसल्या. रात्री आल्या तेव्हा एका श्वासात दोन शब्दही निघत नव्हते. कॅप्सूल घ्यायच्याच असतील तर डबी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, चालू औषधांशी कॅप्सूलचा खटका उडू शकतो.