“आमच्या घराण्यातच आयुष्य कमी आहे ओ मॅडम”

हे वाक्य सोलापुरात मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं “आमचे वडील…” म्हटलं की पुढचं कळतं. त्यातलीच एक केस, ओळख बदलून सांगते.

अशोक चौकाकडे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट असलेला माणूस, वय 48. वडील 52 व्या वर्षी अटॅकने गेले, आजोबाही पन्नाशीतच. हा रात्री नाडी धरून बसायचा, मुलीचं लग्न उरकायची घाई, आणि एवढं करून बीपी मात्र एकदाही तपासलेलं नाही, तपासलं आणि निघालं तर?

“रक्तातच हाय, काय करणार?”

“वडिलांची आई किती वर्षं जगली?”

“आजी? ती 93 ला गेली की.”

“मग ती कुणाच्या रक्तातली?”

बराच वेळ गप्प. मग हळूच, “तिला कधी हिशोबात धरलंच नाही ओ.”

खरं सांगू, असा प्रश्न नेमक्या वेळी सुचणं हेच आमचं काम. घाबरलेला माणूस घरातले फक्त लवकर गेलेले मोजतो, त्यातही बापे. मग आम्ही आजीबद्दलच बोलत राहिलो. विड्या वळायची, संध्याकाळी ओट्यावर चार बायका हमखास, शेवटपर्यंत घरातलं तिला विचारून व्हायचं. वडील? यंत्रमागावर दोन-दोन पाळ्या, बिडी, डॉक्टरचं तोंड नाही. म्हणजे रक्त एकच, जगणं वेगळं.

(तंबाखूच्या धुळीत बसून 93 म्हणजे तंबाखू चालतो असं नाही हां. फ्रान्सच्या जान काल्मां सिगारेट ओढत 122 वर्षं जगल्या, पण त्यांची सख्खी मुलगी 36 व्या वर्षीच गेली. एकट्या माणसावरून नियम निघत नाही.)

डेन्मार्कमध्ये 1870 ते 1900 दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला, त्यात आयुष्य कमी-जास्त होण्यात अनुवंशिकतेचा वाटा साधारण पावच निघाला. शंभरी ओलांडायची तर जीन्सची साथ जास्त लागते, ते मान्य. पण सत्तर-ऐंशीपर्यंत जायला सवयी, उपचार आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं लागतात, ओट्यावरच्या त्या चार बायकांना मी औषधाइतकंच मानते.

त्याचं बीपी वाढलेलंच निघालं, गोळी चालू झाली, आणि नाडी मोजणं आपोआप कमी झालं.

तुमच्याही वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत, आईला किंवा बहिणीला 65 च्या आत हार्टचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्यांची यादी करताना आज्या, आत्या, मावश्यापण धरा.