वहीतलं पान बघितलं, पोरगं वाया गेलेलं नाही

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय, अक्कलकोट रोडला त्यांचे पॉवरलूम आहेत. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, इंटर्नशिप चालू आहे आणि चार रात्री कोड तपासायच्या एकाच टेस्टवर अडकलाय, मॉक म्हणजे खऱ्याच्या जागी नकली ऑब्जेक्ट लावलाय तरी खरा एसएमएस जातोय. वडील विचारतात, एवढंही जमत नाही तर एमपीएससीला बसवू का, तुम्हीच समजवा त्याला.

दादा, स्पष्ट बोलते. मला त्या टेस्टची काळजी वाटलीच नाही, तुम्ही रात्री अकराला वायफाय बंद करता आणि रोज जेवताना पुण्याच्या भाच्याचं पॅकेज काढता "म्हणजे जिद्द येईल", याची वाटली. जिद्द नाही येत ओ अशानं. पोरगं अर्ध्या ताटावरून उठतं असं तुम्हीच पुढे लिहिलंय, मग ते का उठतं हे त्याला एकदा तरी विचारलंत का? वर त्याला न सांगता त्याच्या वहीचा फोटो काढून मला पाठवलात. हे बरोबर नाही केलंत.

पण ते पान मी वाचलं. काय करून बघितलं, काय झालं, सगळं ओळीनं लिहिलंय त्यानं. डोकं नसलेलं पोरगं असं लिहीत नाही.

चूक सापडायला चार रात्री लागल्या म्हणजे लायकी नाही, हा तुमचा मोठा गैरसमज आहे. धोट्यात कांडी तुम्ही बाहेरून घालता म्हणून माग तपासताना हलकं सूत लावून बघता येतं, पण समजा माग आतल्या आत स्वतःच भारी सूत ओढायला लागला तर तुमची हलकी कांडी हातातच राहील ना? तसंच झालंय. त्याच्या कोडमध्ये एसएमएस पाठवणारा ऑब्जेक्ट, म्हणजे ते काम करणारा भाग, मेथडच्या (कामाच्या तुकड्याच्या) आतच न्यू करून नवा बनतो, त्यामुळे मॉक बाहेरच राहिला. तो एसएमएसवाला ऑब्जेक्ट बाहेर बनवून कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे क्लासचा ऑब्जेक्ट बनतानाच, आत द्यायचा, यालाच डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात, हे नाव सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांच्या २००४ च्या लेखानं रूढ झालं. आणि त्यानं वापरलेलं मॉकिटोचं (मॉक बनवायच्या टूलचं) इंजेक्ट-मॉक्स, म्हणजे मॉक आपोआप आत बसवणारी सोय, आधी कन्स्ट्रक्टर बघतं, मग सेटर (किंमत भरणारी मेथड), मग थेट फील्ड (ऑब्जेक्टमधली जागा), आणि कुठेच जमलं नाही तर एरर न देता गप्प बसतं! तक्रारच येत नाही म्हटल्यावर शोधणार कुठे, इथे मुरलेले लोकही अडकतात.

त्याला एवढंच सांगा, एसएमएस जातो त्या ओळीवर डिबगर (कोड ओळीओळीनं थांबवून दाखवणारं टूल) थांबव आणि समोरचा ऑब्जेक्ट मॉक आहे का खरा ते बघ. दुरुस्तीनंतर नल, म्हणजे रिकामं उत्तर, आला तर मॉकला उत्तर शिकवायचं राहिलंय किंवा आर्ग्युमेंट (मेथडला दिलेली माहिती) जुळत नाहीये.

एमपीएससी पदवीनंतरही देता येते, त्याला स्वतःला वाटलं तर. तुम्हाला वाटतं म्हणून मी त्याला समजावणार नाही.

आज वायफाय चालू ठेवा, वहीचं त्याला खरं सांगून टाका, आणि पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.