शेतावर पर्यटकांसाठी खोल्या बांधतोय. पाणी सांभाळून मुस्लिम पाहुण्यांची सोय कशी करावी?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाजवळच्या शेतावर तीन खोल्या काढताय, नागपूर-हैदराबादकडच्या मुस्लिम कुटुंबांचे फोन येतात, विहिरीला उन्हाळ्यात पाणी कमी असतं आणि दोन्हीकडचं सांभाळताना खर्च वाढेल का, ही काळजी आहे. मी हिंगणघाट तालुक्यातली, मुसलमान. आमच्याही शेतावर पाहुणे उतरतात. बांधकामाआधी ठरवलंत तर खर्च फारसा वाढत नाही. नंतर करायला गेलात तर फरशी फोडावी लागते, म्हणून आधी नकाशाचंच सांगते.

आपल्या भागातून मक्का पश्चिमेला, नेमकं सांगायचं तर पश्चिमेपासून साधारण 8 अंश उत्तरेकडे आहे. नमाज त्या दिशेला तोंड करून पढतात, त्या दिशेला किबला म्हणतात. शौचाला बसताना मात्र किबल्याकडे तोंड किंवा पाठ नको, असं आम्ही पाळतो. म्हणून संडासाचं भांडं उत्तर-दक्षिण बसवा. गवंड्याला आज सांगितलं तर एक रुपया जास्त लागत नाही. पलंगाचंही तेच. आमच्याकडे पश्चिमेला पाय करून झोपत नाहीत, तुमच्याकडे उत्तरेला डोकं करत नाहीत. डोकं दक्षिणेला येईल असा पलंग ठेवला की कोणत्याही घरचा पाहुणा निवांत झोपतो. पलंगाच्या बाजूला एका माणसाला सजदा, म्हणजे नमाजात गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावणं, करता येईल एवढी जमीन मोकळी ठेवा, पश्चिमेच्या भिंतीवर फोटो-चित्रं लावू नका आणि एक छोटा बाण रंगवा. तुमचं देवघर, दारावरचा गणपती हलवायची काहीही गरज नाही. पाहुणा तुमच्या घरी येतोय, हे त्यालाही कळतं.

आता पाणी. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात, तो वजू. दिवसातून पाच वेळा नमाज म्हणजे वजूही बहुतेक तितक्या वेळा. हे ऐकून शेतकरी माणूस दचकतो, पण हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वागण्या-बोलण्याच्या नोंदींमध्ये, त्यांच्या वजूचं माप दिलेलं आहे. एक मुद्द, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाणी. अंघोळीला एक साअ (चार मुद्द) ते पाच मुद्द, म्हणजे तीन-साडेतीन लिटर. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी पाणी उधळू नका, अशीही हदीस आहे. पाणी वाया जातं ते उघड्या नळामुळे. बेसिनमध्ये पाय वर करून धुवायची वेळ आली की नळ तसाच सुरू राहतो, म्हातारी माणसं घसरतात आणि सगळी न्हाणी ओली होते.

त्यावर आम्ही काय केलंय ते सांगते. खोल्यांच्या मागच्या बाजूला, कवेलूच्या उतरत्या छपराखाली, गुडघ्याएवढा दगडी ओटा आहे. बसल्यावर हात पोचेल एवढ्या उंचीवर बारीक धारेचा नळ, बाजूला नळीचा तांब्या, पायाखाली खरबरीत शहाबादी फरशी. फरशीचा उतार एका नालीकडे आणि नाली थेट केळीच्या आळ्यात. साबण तिथे ठेवत नाही, त्यामुळे पाणी झाडांना चालतं. तांब्या घेऊन बसलेला माणूस दीड-दोन लिटरात आटोपतो. शेतातून चिखलाने भरून आलेली मुलंसुद्धा त्याच ओट्यावर पाय धुतात. मे महिन्यात कूलरच आधी इतकं पाणी पितो, त्यामुळे प्रत्येक तांब्याचा हिशोब लागतोच.

संडासात पाण्याचा फवारा किंवा निदान नळ आणि टमरेल पाहिजेच. नागपूरचे काही वास्तुविशारद हॉटेलसारखा नुसता कागदाचा रोल लावून देतात. ते मान्य करू नका. कागदही वाचतो.

जेवणाबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि तिथेच सगळ्यात सोपं आहे. शाकाहारी घर असेल तर तसं सरळ सांगा. तुरीचं वरण, वांग्याचं भरीत, पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी हे सगळं आम्हाला चालतं, आवडतं. मांसाहार देणार असाल तर जनावर मुसलमानाने अल्लाहचं नाव घेऊन धारदार सुरीने कापलेलं आणि रक्त वाहून गेलेलं हवं. सर्टिफिकेट कोणी मागत नाही. पाहुणा एवढंच विचारतो, "कापतो कोण?" बाजाराच्या दिवशी दुकानदाराला विचारून ठेवा आणि जे असेल ते खरं सांगा. खात्री नसेल तर "खात्री नाही, तुम्ही स्वतः आणा, चूल आमची" हे उत्तर पुरतं. माझ्या अनुभवात या वाक्यावर कोणी नाराज झालेलं नाही. नाराज होतात ते "हो हो, सगळं हलाल आहे" असं न बघता सांगणाऱ्यावर.

मासळीला कापण्याची ही अट नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भंडारा-गोंदियाकडे मामा तलावांची, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावांची, मासळी ढिवरांकडून (मासेमारी करणाऱ्या समाजाकडून) ताजी मिळते. तुमच्या जवळच्या धरणावर जो मासेमार बसतो त्याच्याकडून घ्या. पैसा गावात राहील आणि बर्फातली मासळी आणणाऱ्या गाडीची गरज पडणार नाही. जंगलालगत कधीकधी कोणी कानात येऊन रानडुकराचं विचारतो. तो 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, शिवाय डुक्कर आम्हाला हरामच. अशा माणसाला फाटकाबाहेरूनच परत पाठवा. घरात कधी डुक्कर शिजलं असेल तर पाहुण्यांची भांडी वेगळीच ठेवा, तळणीचं तेलही.

हाडं आणि कोंबडीची आतडी कुंपणाबाहेर टाकू नका. त्यावर गावची कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आमच्याकडे खोल खड्डा आहे, त्यावर माती आणि झाकण. ताटात उरणारं अन्न कमी करायचं असेल तर आधी थोडं वाढा आणि मग विचारा. कुरआनात खा, प्या, पण उधळपट्टी करू नका असं स्पष्ट आहे, म्हणून मुस्लिम पाहुण्यापुढे हे बोलायला संकोच नको.

दारूचं तुम्हाला वेगळं काही करायचं नाही. आपला वर्धा जिल्हा 1975 पासून दारूबंदीत आहे. चंद्रपुरात 2015 ला बंदी आली आणि 2021 ला उठली, त्यामुळे ताडोब्याकडच्या मंडळींना हा प्रश्न आता पुन्हा सोडवावा लागतो. मलेशियाने 2015 साली मुस्लिम पाहुण्यांच्या सोयीसाठी एमएस 2610 नावाचं मानक काढलं. त्यात खोलीत किबल्याची खूण, नमाजापुरती जागा, संडासात पाणी आणि खोलीतल्या फ्रिजमध्ये दारू नको, असं आहे. शेवटची गोष्ट आपल्याकडे कायद्यानेच झालीय. मोहाची "चव दाखवणारे" वाटाडे मात्र असतात. त्यांना आधीच सांगून ठेवा. मोहाच्या फुलांचे लाडू बिनधास्त द्या.

बायकांसाठी एक कोपरा असू द्या. बांबूच्या तट्ट्याचा आडोसा केलेलं अंगण, जिथे डोक्यावरचा पदर-दुपट्टा काढून केस वाळवता येतील. कॅमेरा तिकडे वळवू नका आणि खोली झाडायला शक्यतो बाईच पाठवा. माझ्याकडे येणाऱ्या मुस्लिम बायका सगळ्यात आधी हाच कोपरा शोधतात, आणि शेजारच्या गावच्या सुना माहेरपणाला आल्यासारख्या तिथेच बसतात. शेतातला कुत्रा नमाजाच्या वेळी बांधून ठेवा, त्याची लाळ कपड्याला लागली तर धुवावं लागतं.

रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो. 2027 ला तो फेब्रुवारीत आहे, म्हणजे ऐन हंगामात. त्या महिन्यात कुटुंबं कमी फिरतात, पण कोणी आलं तर पहाटे चारला चहा-भाकर आणि सूर्यास्ताला खजूर-पाणी एवढं जमवा. सकाळच्या सफारीला निघण्याआधी फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज होईल अशी गाडीची वेळ ड्रायव्हरशी ठरवून ठेवा.

पाटीवर "हलाल होमस्टे" लिहू नका. फोन आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं पाठवा: "खोलीत किबल्याचा बाण व जानमाज आहे, वजूला ओटा आहे, संडासात पाणी आहे, दारू नाही. जेवण शाकाहारी, मटण-चिकन हवं असल्यास एक दिवस आधी सांगा, कोणाकडून आणतो ते कळवू. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात कमी असतं." जानमाज म्हणजे नमाजाची चटई, ती वर्ध्याच्या खादीच्या दुकानातून बिनचित्राची, साधी घ्या. आणि गवंडी कामाला लागण्याआधी त्या भांड्याची दिशा त्याला खडूने जमिनीवर आखून दाखवा, तोंडी सांगितलेलं विसरतात.