पतीच्या नावावरचा स्टुडिओ, तुमच्या वहीतली खुर्ची

प्रश्न : मी आणि माझे पती मिळून हाताने घडवलेल्या लाकडी फर्निचरचा डिझाइन स्टुडिओ चालवतो. रेखाटनं, मापं, ग्राहकांशी बोलणं माझ्याकडे. लाकूड निवडणं आणि घडवणं त्यांच्याकडे. जीएसटी, बँकेचं खातं, सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. मी पगार घेत नाही. आता एका मोठ्या कंपनीला आमची गाजलेली एक खुर्ची आणि नवी चार डिझाइन्स बनवून विकायची आहेत. कराराच्या मसुद्यात ‘डिझाइनर व मालक’ म्हणून फक्त पतींचं नाव आहे. ते म्हणतात, ‘आपल्यात कागद कशाला?’ आमच्यात काही वाद नाही. तरीही सही होण्याआधी काही करायला हवं का?

उत्तर : हो, करायला हवं, आणि सहीच्या आधीच. वाद नाही, हीच त्यासाठी योग्य वेळ आहे.

आज कागदोपत्री तुमचा स्टुडिओ म्हणजे तुमच्या पतींचा एकल मालकीचा व्यवसाय आहे. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ सांगतो की भागीदारी करारातून निर्माण होते, नात्यातून नाही. करार तोंडी असला तरी चालतो, पण तो सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. तेव्हा समोर दरवर्षीची आयकर विवरणपत्रं येतील, आणि त्यांत सगळा नफा एकट्या पतींचा दाखवलेला असेल. लग्न झालं म्हणून पत्नी धंद्यात आपोआप निम्मी मालक होते, असं गोवा आणि दमण-दीव सोडता आपल्याकडे कुठे नाही.

मला घटस्फोटापेक्षा अकाली मृत्यूची काळजी जास्त वाटते. पती हिंदू असतील आणि मृत्युपत्र न करता गेले, तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, तुमची मुलं आणि तुमच्या सासूबाई हयात असल्यास त्या, असे सगळे समान वाटेकरी होतात. यंत्रं, लाकडाचा साठा, ग्राहकांकडची येणी सगळं त्यात आलं. जो स्टुडिओ तुम्ही स्वतः उभा केलात, त्यात तुम्ही अनेक वारसांपैकी एक वारस ठरता. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ते टाळणं पूर्णपणे तुम्हा दोघांच्या हातात आहे.

डिझाइनच्या बाबतीत मात्र तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. डिझाइन कायदा, २००० नुसार डिझाइनचा मालक म्हणजे मुळात ते निर्माण करणारी व्यक्ती. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी ते केलं असेल, तर मालकी त्या दुसऱ्याकडे जाते. तुम्ही पगार घेतलेला नाही, नोकरीचा करार नाही. म्हणजे बिनपगारी काम हाच इथे तुमच्या मालकीचा आधार होतो. ‘घरखर्च चालत होता, तोच मोबदला’ असा युक्तिवाद उद्या कोणी करेल, म्हणून पुरावा आजच नीट लावा. रेखाटनांच्या वह्या, पानांवरच्या तारखा, ग्राहकाला पाठवलेले कच्चे आराखडे, त्यावर आलेली उत्तरं, सगळं तारीखवार एकत्र ठेवा. पाठीचा बाक किंवा हाताची जाडी घडवताना पतींनी बदलली असेल, तर तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवा. अशा डिझाइनचे निर्माते तुम्ही दोघं आहात. कायदा डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराला संरक्षण देतो, जोड कसा बसवलाय त्या पद्धतीला नाही.

आता गाजलेल्या खुर्चीबद्दल. तिचे फोटो इन्स्टाग्रामवर आहेत आणि ती विकली जाते, असं मी धरून चालतो. मग तिची डिझाइन नोंदणी आता टिकणार नाही, कारण अर्जाआधी जगात कुठेही जाहीर झालेलं डिझाइन नवीन मानलं जात नाही. उरतो तुमच्या रेखाटनावरचा कॉपीराइट. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १५(२) प्रमाणे, नोंदणी होऊ शकणारं पण न केलेलं डिझाइन औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा जास्त वेळा बनवलं गेलं की त्यातला कॉपीराइट संपतो. मालकाच्या परवानगीने दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूही या मोजणीत येतात. म्हणजे कंपनीने एक्कावन्नावी खुर्ची बनवली की कॉपीराइटचा आधार गेला. त्यानंतर तुमच्याकडे फक्त करार उरेल. म्हणून या खुर्चीसाठी सुरुवातीला ठोक रक्कम घ्या आणि ‘नोंदणी वा कॉपीराइट असो-नसो, विकलेल्या प्रत्येक नगावर मानधन’ असं स्पष्ट लिहून घ्या. मसुद्यात मला सर्वात महत्त्वाचं कलम हेच वाटतं.

नवी चार डिझाइन्स अजून जाहीर झाली नसतील, तर कंपनीशी पुढचं बोलण्याआधी नोंदणीचे अर्ज करा. संरक्षण दहा वर्षं मिळतं, आणखी पाच वर्षं वाढवता येतं. कंपनीला ती आधीच दाखवली असतील, तर ती विश्वासाने आणि गोपनीय म्हणून दाखवली होती हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

व्यवसायाचं रूप कोणतं असावं? माझं मत एलएलपीच्या, म्हणजे भागीदारांची देणी मर्यादित ठेवणाऱ्या नोंदणीकृत भागीदारी संस्थेच्या बाजूने आहे. साधी भागीदारी केलीत आणि नोंदणी राहिली, तर कंपनीने मानधन थकवल्यावर फर्मला दावाच लावता येणार नाही. भागीदारी कायद्याचं कलम ६९ आडवं येतं. शिवाय दोनच भागीदार असताना एकाचा मृत्यू झाला की फर्म विसर्जित होते, करारात काहीही लिहिलं असलं तरी. एलएलपी चालू राहते. दुसरा भागीदार आणायला सहा महिने मिळतात. धंद्याच्या कर्जापोटी घरावर टाच येण्याचा धोकाही कमी होतो, अर्थात तुम्ही वैयक्तिक हमी दिली नसेल तर. पॅन बदलेल, म्हणून जीएसटी नोंदणी नवीन घ्यावी लागेल. दरवर्षीची विवरणं वेळेवर भरायची शिस्त हवी, त्यासाठी सीए आधीच ठरवा. नफ्याचं प्रमाण करारात लिहा.

मग डिझाइनचे हक्क लेखी कराराने एलएलपीला द्या, किंवा तुमच्याकडेच ठेवून फक्त वापराची परवानगी द्या. मी दुसरा पर्याय निवडेन. कंपनीशी करार एलएलपीने करावा आणि डिझाइनर म्हणून तुमचं नाव, जिथे दोघांचं काम आहे तिथे दोघांची नावं, उत्पादनाच्या माहितीतही छापली जावीत.

पतींना हा मसुदा एका वेगळ्या बाजूनेही दाखवा. त्यात ते ‘डिझाइन माझं आहे’ अशी हमी कंपनीला देणार आहेत. ती हमी चुकीची ठरली, तर नुकसानभरपाई त्यांच्या एकट्याच्या मागे लागेल. तुमचं नाव घातल्याने त्यांचंच संरक्षण होतं, आणि मला वाटतं हे त्यांना लगेच पटेल.

कंपनीला आजच दोन ओळींचा ईमेल पाठवा : करार करणाऱ्या पक्षाचं नाव बदलणार आहे, सुधारित मसुदा आम्ही पाठवू, तोवर उत्पादन सुरू करू नये. पतींनीही त्या ईमेलवर आपलं नाव घालावं.