लिव्हिंग विल नोटरी केलं की डॉक्टर लगेच व्हेंटिलेटर काढतात का?

नाही. लिव्हिंग विल म्हणजे पुढे स्वतः निर्णय घेता आला नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भारतात कागद वैध होतो (2023 आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची, म्हणून फारसं कुणी करायचंच नाही). पण तो लागू होतो रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल आणि बरं होण्याची आशा नसेल तेव्हाच. मग रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ बसतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान 5 वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मत शक्यतो 48 तासांत. त्यावर दुय्यम मंडळ, ज्यात एक डॉक्टर मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला. न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं असतं.

गाडी अडते ती मोघम मजकुरावर. ‘मला मशीन नको’ लिहिलंत, तर न्यूमोनियात चार दिवस लावायचा व्हेंटिलेटरही नको का? म्हणून स्थिती आणि उपचार जोडीनं लिहा: ‘मेंदूला कायमची इजा होऊन शुद्ध येण्याची शक्यता नसेल, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, सीपीआर (छाती दाबून बंद पडलेलं हृदय सुरू करणं) नको, वेदनाशामक चालू ठेवा.’ तुमच्या वतीनं संमती देणारी व्यक्ती नावानिशी नेमा, एकीपेक्षा जास्त असल्या तर बरं. प्रत त्यांच्याकडे आणि फॅमिली डॉक्टरकडे द्या. लॉकरमधला कागद आयसीयूत उपयोगाचा नाही.

इंजेक्शन देऊन मृत्यू मात्र यात मागता येत नाही, तो भारतात गुन्हाच आहे.