'ड्यून' आधी वाचू की सरळ सिनेमे बघू? आणि सहाही पुस्तकं वाचावीत का?

पहिलं पुस्तक आधी वाचा. फ्रँक हर्बर्टची ही विज्ञानकादंबरी १९६५ची. सुरुवातीची शंभरेक पानं जड जातात, शेवटी शब्दसूची आहे तिच्यात बोट घालूनच वाचायचं. एकदा अराकिस या वाळवंटी ग्रहाच्या वाळूत पाय रुतला की मग सुटका नाही.

सिनेमात जे हरवतं ते म्हणजे माणसांच्या डोक्यात चाललेलं. पुस्तकातली मेजवानी घ्या. पाहुण्यांनी हात धुवायचे, पाणी फरशीवर सांडायचं आणि ते टिपलेले टॉवेल पिळून बाहेरच्या भिकाऱ्यांनी घोटभर पाणी मिळवायचं, अशी तिथली रीत. ग्रहाचा नवा शासक ड्यूक लेटो ती बंद करतो. पाण्याची किंमत सांगायला एवढं पुरे. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्हच्या २०२१च्या सिनेमात ही मेजवानीच नाही! पण तिथल्या वाळवंटी जमातीचा म्होरक्या स्टिलगार टेबलावर थुंकतो तो प्रसंग आहे, आणि झकास आहे. अंगातलं पाणी देणं हा तिथे मान.

डेव्हिड लिंचचा १९८४चा सिनेमा पात्रांचे विचार कुजबुजत ऐकवतो. शेवटी चक्क पाऊस पाडतो. मला तरी हसू आलं. व्हिलनव्हचे दोन्ही भाग (दुसरा २०२४चा) मात्र मोठ्या पडद्यावरच बघायचे, वाळूतल्या महाकाय किड्याची घरघर मोबाईलवर कळत नाही.

सहाही वाचायची सक्ती नाही. पण दुसरं, 'ड्यून मसाया', सोडू नका. ड्यूकचा मुलगा पॉल याला नायक समजून बसला असाल तर ते लहानसं पुस्तक तुमचा भ्रम उतरवतं. चौथ्यापासून तत्त्वज्ञान फार, मी तिथे दोनदा अडकलो.